तुझ्या दाजींचा डावा पाय

ये गं बाई, सरक जरा जवळ, आणि आधी चष्मा लाव. फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. थोरल्या बहिणीवर एवढं रुसायचं असतं का? लहानपणी भातुकलीतला तवा मी आधी घेतला की तू माळ्यावर जाऊन बसायचीस. आता नातीचा साखरपुडा झाला, डोक्यावर काळा केस शोधावा लागतो, तरी तुझा माळा काही सुटला नाही.

तुला कुणीतरी सांगितलं म्हणे, की अक्काची पांढरी गाडी सांगलीत कार्यालयाच्या फाटकापर्यंत आली आणि आत न येता वळून निघून गेली. मग तू चार बायकांत बोललीस, "अक्काला आता गाडीची मस्ती आलीय. खाली उतरायला कमीपणा वाटतो." माझ्या कानावर आलं बरं का सगळं. खरंच आहे ते. मस्तीचं नव्हे, वळून गेल्याचं. आलो होतो गं आम्ही. माझ्या मांडीवर कंदी पेढ्यांचे पुडे होते, पोरीसाठी घेतलेली साडी होती, आणि तरी आम्ही तुझ्या फाटकातून परत गेलो. त्या दिवसापासून मला घरात कुठं बसवत नाही. चहा ठेवते आणि विसरून दारात जाते. दारातून आत येते, कशाला गेले होते ते आठवत नाही.

तुला बरंच ठाऊक आहे, पण तुझी सून वाचेल, नात वाचेल, म्हणून पहिल्यापासून सांगते.

तुझ्या दाजींनी सगळी नोकरी मिलिटरीत ट्रक चालवला. लडाखच्या घाटात, बर्फात, एका बाजूला दरी आणि दुसऱ्या बाजूला डोंगर. पेन्शनीत आल्यावर एक जुनी जीप घेतली. ती जीप म्हणजे आमच्या गावाची रुग्णवाहिका, वरात आणि बाजार सगळं. कुणाची सून अडली की रात्र असो, पाऊस असो, यांना हाक यायची, "आवं मेजर, गाडी काढा." मेजर कधी नव्हते ते, पण गावानं केलं. घरातलं सांगते, लग्नानंतर माणूस माझ्याशी कमी आणि त्या जीपच्या गिअरशी जास्त बोलला असेल. डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेकवर नाहीतर एक्सलेटरवर. झोपेतसुद्धा डाव्या पायाची लाथ बसायची मला. मी म्हणायची, "घाट आला का?"

मागच्या दिवाळीत लेक पुण्याहून ही गाडी घेऊन आला. पांढरी, म्हशीपेक्षा उंच, वरून काचेचं छप्पर, मागं बघायला पुढं टीव्ही. किंमत मी विचारली नाही. विचारली असती तर त्या गादीवर बसायचा धीर झाला नसता. जीप त्यानं परस्पर कुणालातरी देऊन टाकली. म्हणाला, "आबा, आता आरामात हिंडा. ही आटोमॅटिक आहे. क्लचच नाही."

"क्लच न्हाई?" हे वाकून खाली बघायला लागले. "मग गिअर कसा टाकायचा?"

"ती आपोआप टाकते. डावा पाय मांडीखाली घेऊन बसलात तरी चालेल."

"मग त्यो पाय देवानं दिलाय कशाला?"

सगळे हसले. मीपण हसले. तेव्हा काय माहीत.

पूजा झाली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, मी हळदीकुंकू लावलं, बॉनेटवर स्वस्तिक काढलं. आता लिंबं चिरडून गाडी पुढं घ्यायची. सगळी आळी जमलेली. हे फेटा बांधून आत बसले. जीपला कसं, क्लच दाबून धरायचा, एक्सलेटर द्यायचा, आणि क्लच सोडायचा, म्हणजे गाडी लिंबावर चढते. यांनी तेच केलं. डाव्या पायानं जोरात दाबला तो ब्रेक होता. उजव्यानं दिला एक्सलेटर. गाडी डुरकायला लागली, हलेना. लेक ओरडतोय, "आबा, डावा काढा, डावा काढा!" आणि यांनी काढला.

लिंबं चिरडली की नाही कुणाला दिसलं नाही. गाडी अंगणातून उडाली ती थेट माझ्या थोरल्या जावेच्या शेण्यांच्या हुडव्यात, गोवऱ्यांच्या ढिगात. सगळा उन्हाळा तिनं थापलेल्या शेण्या, वर पालापाचोळा लावून नीट शाकारलेला हुडवा. अर्धी गाडी आत, अर्धी बाहेर. धूळ बसली तेव्हा काचेवर शेणी, बॉनेटवर शेणी, आणि वरच्या काचेच्या छपरावर एक अख्खी शेणी, कुणी हातानं ठेवल्यासारखी.

जाऊ कमरेवर हात ठेवून उभी. "आवं भावजी, गाडी लय गुणाची दिसतीया! आल्या आल्या सरपण आणायला गेली!"

हे आतून म्हणतात, "गप ऱ्हा वैनी. ब्रेक कडक हाय जरा."

आळीतल्या पोरांनी व्हिडिओ काढला, त्याला गाणं लावलं आणि संध्याकाळपर्यंत वडूजच्या माझ्या नणंदेनं फोन करून विचारलं, "वैनी, शेण्यांना किती भाव दिला?" हसण्यावारी गेलं. हेही हसले. पण रात्रीच्या जेवणाला यांनी भाकरी अर्धी ठेवली, ते मी बघितलं.

पुढचं मात्र हसण्यावारी गेलं नाही. साताऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघालो होतो. पोवई नाक्याच्या अलीकडे स्पीडब्रेकर आला. गिअर उतरवायचा म्हणून डावा पाय गेला खाली. सगळ्या ताकदीनिशी. क्लच दाबायची ताकद ब्रेकवर पडली तर काय होतं, ते माझ्या कपाळाला विचार, समोरच्या डॅशबोर्डवर आपटलं. गाडी जागच्या जागी थांबली आणि मागून धप्प आवाज आला. स्कूटीवरची एक कॉलेजची पोरगी. स्कूटी आडवी, पोरगी रस्त्यावर, गुडघ्यावर पँट फाटून रक्त.

माणसं जमली. एकजण म्हणाला, "एवढी मोठी गाडी घेत्यात आन् चालवायची अक्कल न्हाई." दुसरा म्हणाला, "म्हाताऱ्याला कशाला दिलीया?" हे उतरले. यांना वाटलं पोरगी शिव्या देणार. ती लंगडत उठली, यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आजोबा, तुम्हाला लागलं नाही ना?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं गं. यांनी तिला दवाखान्यात नेलं, पट्टी बांधली, स्कूटी दुरुस्तीला टाकली, तिच्या घरच्यांशी बोलले. सगळं रीतसर. पण परतीच्या वाटेवर गाडी बैलगाडीच्या चालीनं आणली. मी खिडकीतून बघत बसले आणि पायाखालची चटई दाबत बसले. तुला सांगते, माझ्या बाजूला ब्रेक नाही, पण ती चटई मी इतक्यांदा दाबलीय की तिथं खळगा पडलाय.

तेव्हाच बोलायला हवं होतं, की आता पुरे. पण कसं बोलायचं? लेकाला फोन केला. तो म्हणाला, "आई, तू सांग ना त्यांना. तुझं ऐकतील."

"गाडी तू दिलीस, तू सांग."

"माझं ते कधी ऐकतात? मी लष्करात न जाता पुण्याला आलो, तो राग अजून आहे त्यांचा."

त्याचा फोन असा संपला. मी घरात फेऱ्या मारायला लागले. हे बाहेर गेले की कान रस्त्याकडे. गावातून हॉर्न ऐकू आला की पदर खोचून दारात. आंघोळीला गेले तरी मन अंगणात, गाडी जागेवर आहे ना. आणि दुसरीकडून असंही वाटायचं, की माणसाकडून गाडी काढून घेतली तर खाली काय उरतं? शेती वाट्यानं दिलीय. पोरं लांब. गावात यांना कुणी नावानं हाक मारत नाही, "मेजर, गाडी काढा" एवढंच. ती हाक बंद पडली तर हा माणूस सकाळी उठून कुठं जाईल? म्हणून मी गप्प राहिले. आणि गप्प राहिले की जिवाची आणखी तगमग.

यांनाही कळत होतं सगळं. एकदा भल्या सकाळी बघते तर हे अंगणात गाडीत बसलेले, गाडी बंद, आणि डावा पाय पंच्यानं सीटच्या खालच्या लोखंडाला बांधलेला. पक्की गाठ. मी म्हटलं, "आवं, हे काय?"

"शिकवतुया त्याला," म्हणाले. "बैल शिकतोय, मग पाय न शिकाय काय झालं?"

हसू का रडू कळेना. पण खोटं कशाला सांगू, पाय बांधल्यावर गाडी नीट चालायला लागली. बाजारात गेलो, वाईला गणपतीला गेलो, पाचगणीचा घाटसुद्धा चढून आलो. माझी चटई जरा विसावली. फक्त एकच, उतरायच्या आधी हे इकडंतिकडं बघायचे आणि गुपचूप गाठ सोडायचे. मेजरचा पाय बांधलेला कुणी बघता कामा नये.

मग तुझ्या नातीचा साखरपुडा आला.

मी म्हटलं होतं, एसटीनं जाऊ. "एवढी गाडी दारात आन् एसटीनं?" म्हणाले. "तुझी बहीण काय म्हणंल? मेव्हणी हाय ती माझी, वर्षभर चिडवंल." बघ, तुझाच धाक. इस्त्रीचे कपडे घातले, मिशी कातरली, पाय बांधला आणि निघालो.

हायवेला कराडपर्यंत लोण्यासारखी आली गाडी. फोनमधली बाई रस्ता सांगत होती, हे तिच्याशी भांडत होते, "अगं बाई, तू जन्मायच्या आधीपासनं ह्या वाटनं जातुया मी." पेठ नाक्याला आत वळलो आणि उसाच्या ट्रॉल्या लागल्या. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन, उसाचे शेंडे रस्त्यावर लोंबतायत. पुढं जावं तर समोरून गाडी, मागं राहावं तर मागचा हॉर्न मारतोय. माझा एक हात दाराच्या कडीला, एक पेढ्यांवर. मी सारखी म्हणतेय, "जाऊ दे त्याला, घाई नाही." हे म्हणतात, "तू डोळे मिट." डोळे मिटले की जास्त दिसतं गं. आष्टा गेलं, सांगली आली, आणि मला वाटलं, सुटलो.

कार्यालयाचा रस्ता लागला. लांबूनच तुमचा तो मोठा फ्लेक्स दिसला, दोघांचे फोटो, गुलाबी अक्षरं. फाटकात फेटेवाले, सनई लावलेली. तिथं यांनी गाडी कडेला घेतली, खाली वाकले आणि गाठ सोडली.

मी म्हटलं, "आत लावल्यावर सोडा की."

"सगळे पाव्हणे उभे हायती. पंचा बांधून उतरू?"

तुला तुमच्या कार्यालयाचं फाटक आठवतंय ना? रस्त्यापासून जरा चढ आहे. त्या चढावर, फाटकाच्या आतल्या बाजूला एक पोरगी रांगोळीचा शेवटचा कोपरा भरत होती. परकर-पोलकं घातलेली, केसांत गजरा. कुणाची होती कोण जाणे, तुमच्यातलीच कुणाची तरी. वॉचमननं हात केला, या, या, पुढं या. गाडी चढावर थांबलेली. आणि चढावर गाडी काढायची म्हटल्यावर यांचं सगळं आयुष्य त्या पायात उतरलं. डावा दाबला, उजव्यानं जोर दिला, आणि डावा सोडला.

गाडीनं उडी मारली. मी ओरडले की नाही आठवत नाही. पुढं ती पोरगी, चिमटीत रांगोळी, मान खाली. आणि लगेच यांचा तोच पाय पुन्हा खाली आला, गाडी गचकन थांबली. चाक रांगोळीच्या कडेवर. पोरीनं मान वर केली, गाडीकडे बघितलं, हसली आणि म्हणाली, "ओ आजोबा, माझा मोर बिघडवला की!"

तिला काहीच कळलं नव्हतं. वॉचमनलाही नाही. त्याला वाटलं चढावर जरा धक्का बसला. पण आम्ही दोघांनी बघितलं होतं, मध्ये किती जागा उरली होती ते. मला ती जागा अजून दिसते. भाकरी थापताना दिसते.

यांचा चेहरा मी कधी असा बघितला नव्हता. पिवळा पडलेला. लगेच गाडी मागं घेतली. मागचं दाखवणारा तो टीव्ही बीप बीप करत होता, तिकडं यांचं लक्ष नव्हतं, आणि गाडीचं बूड जाऊन तुमच्या फ्लेक्सच्या बांबूला लागलं. फ्लेक्स एका बाजूनं खाली लोंबला तो वाऱ्यानं नव्हे, आमच्या कृपेनं. नवऱ्या मुलाचा फोटो तिरका झाला असेल तर त्याला आमच्याकडून माफी सांग.

पुढं हळदीच्या गोदामांच्या रस्त्याला गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. किल्ली माझ्या हातात दिली. किल्ली माझ्या बांगड्यांवर वाजली.

मी समजूत घालायला म्हटलं, "आवं, थांबली ना गाडी. तुमच्याच पायानं थांबवली."

"तसं बोलू नगं," म्हणाले. "पुन्ना कधी तसं बोलू नगं."

मी म्हटलं, "चला, रिक्षा करू, कार्यक्रमाला जाऊ." म्हणाले, "तू जा. मी बसतो हितं." मी कोपऱ्यापर्यंत गेले. रिक्षा थांबवली. तो मला विचारतोय, कुठं जायचं, आणि मी मागं वळून बघतेय. हे गाडीजवळ उभे, इस्त्रीच्या कपड्यात, दोन्ही हात गाडीच्या छपरावर टेकून, जसं आजारी जनावराजवळ माणूस उभं राहतं. रिक्षावाल्याला म्हटलं, जा बाबा. तुला फोन लावला, तू उचलला नाहीस, सनईत ऐकू कसं येणार? पुन्हा लावायला गेले तर हे म्हणाले, "सांगू नगंस कुणाला." म्हणून नाही लावला.

गोदामाचा राखणदार आला. "काय काका, गाडी बिघडली का?"

"गाडी नीट हाय," हे म्हणाले. "डायव्हर बिघडलाय. आजच्या दिस ऱ्हाऊ दे हितं, पोरगा येऊन न्हेईल."

एवढं बोलायला या माणसाला किती लागलं असेल, ते त्या राखणदाराला काय कळणार. तो मान हलवून गेला.

आम्ही एसटीनं परत आलो. हे डायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि इस्लामपूरपर्यंत त्याचा पाय बघत होते. मग खिडकीकडे तोंड केलं. लेकानं दुसऱ्या दिवशी येऊन गाडी पुण्याला नेली. जाताना म्हणाला, "आबा, जीप परत शोधू का?" हे म्हणाले, "नगं." बस्स. लढाई नाही, भांडण नाही, मी इतके दिवस तोंडात धरून ठेवलेलं वाक्य मला बोलावंच लागलं नाही.

वाटलं होतं, आता जीव थंडावेल. कुठलं काय. आधी हे बाहेर गेले म्हणून घोर, आता बाहेर जात नाहीत म्हणून. सकाळी उठून दारापर्यंत जातात, अंगणातल्या रिकाम्या जागेकडे बघतात आणि परत येतात. परवा खालच्या आळीतून कुणीतरी हाक मारली, "मेजर, गाडी काढा, म्हातारीला साताऱ्याला न्यायचंय." मी आतून बाहेर धावले, काय सांगणार बघायला. हे म्हणाले, "गाडी न्हाई आता. मी चालवत न्हाई. थांब, रिक्षा बोलावतो आन् संगं येतो." आणि चपला घालून गेले. आल्यावर सांगितलं, म्हातारीला दाखल केलं. भाकरी पूर्ण खाल्ली त्या दिवशी.

त्यानंतरच मला म्हणाले, "तुझ्या बहिणीला लिव्ह. रुसली आसंल. सगळं खरं लिव्ह." आता मी लिहितेय आणि हे शेजारी बसून डोकावतायत. "फ्लेक्सचं गाळ." नाही गाळत. "पंच्याचं तरी गाळ." तेही नाही गाळत.

तर बाई, आता आमचं येणं एसटीच्या वेळेवर, आणि सांगली काही जवळ नाही. तू ये. नातीला आण, होणाऱ्या नातजावयाला आण, साडी अजून घडीवर आहे, पेढे मात्र आम्ही खाल्ले, नवे आणू. यांना हसणारं माणूस पाहिजे गं घरात. मी हसले तर यांना वाटतं मी समजूत घालतेय, गावानं हसलं तर टोचतं. तुझं हसणं यांना चालतं, तू मेव्हणी. साताऱ्याच्या स्टँडवर उतर, हे तुला घ्यायला येतील, एसटीनं नाहीतर रिक्षानं. आल्या आल्या पोटभर चिडव यांना. एवढ्या आठवड्यात ये. पुढच्या रविवारी म्हणू नकोस, मला तोवर दारात उभं राहवणार नाही.